टमाटे, टोमॅटो आणि विलायती वांगं

आमच्या सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत गेल्या रविवारी एका मावशींच्या टोपलीत पुठ्ठा खोचलेला होता. त्यावर मार्करनं ठळक लिहिलेलं : 'टमाटे २० ला किलो'. माझी लेक सातवीत आहे. पिशवी धरून उभी होती, तिनं पुठ्ठा वाचला आणि म्हणाली, "आई, चुकीचं लिहिलंय. टोमॅटो पाहिजे ना?" बोलली हळूच, पण मावशींना ऐकू गेलं. त्या काही म्हणाल्या नाहीत. फक्त तो पुठ्ठा टोपलीत जरा आत सरकवला.

मला ते लागलं. कारण या शब्दाची जेवढी माहिती मला आहे, तिच्यावरून मावशींचं काहीच चुकलेलं नव्हतं. घरी येईपर्यंत आणि मग पुढं दोन-तीन दिवस आम्ही मायलेकी याच एका शब्दावर बोलत होतो. तेच इथं सविस्तर लिहिते.

सुरुवात मेक्सिकोतून करावी लागते. टोमॅटोची रानटी भावंडं दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, पेरू आणि इक्वेडोरच्या बाजूला उगवतात. पण माणसानं ते फळ शेतात आणून मोठं केलं ते मेक्सिकोच्या भागात, आणि नावही तिथलंच. तिथल्या अझ्टेक लोकांची भाषा नाहुआत्ल. आजही लाखो लोक ती बोलतात. या भाषेत 'तोमात्ल' म्हणजे गरगरीत, रसानं भरलेलं फळ. कुठलं एक ठरावीक फळ नव्हे, तर फळांची एक जात. आपण नुसतं 'बोर' न म्हणता रानबोर, चणीबोर म्हणतो, तशी तिथं 'तोमात्ल'च्या आधी काहीतरी जोडून वेगवेगळी नावं होत. आपल्या लाल टोमॅटोला ते 'शितोमात्ल' म्हणायचे. शेतात उगवणाऱ्या, कागदासारख्या सालीत गुंडाळलेल्या हिरव्या फळाला 'मिल्तोमात्ल'. हे दुसरं फळ आपल्याकडच्या रसभरीच्या कुळातलं. रसभरी जशी वाळक्या पानाच्या फुग्यात बसलेली असते, तसंच ते.

स्पॅनिश लोक १५२१ मध्ये अझ्टेकांची राजधानी जिंकून बसले, तेव्हा त्यांच्या कानावर हे शब्द पडले. शेवटचा 'त्ल' हा नाहुआत्लमध्ये एकच आवाज आहे. जीभ 'त'वर ठेवायची आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांनी सोडायची. स्पॅनिश जिभेला तो जमेना, म्हणून त्यांनी शेवटी सरळ 'ते' लावलं. तोमात्लचं झालं 'तोमाते'. अशीच गत बाकीच्या शब्दांची. 'आवाकात्ल'चं 'आग्वाकाते' झालं, आणि इंग्रजीत जाऊन ॲव्होकॅडो. 'कोयोत्ल'चा कोयोते झाला.

गंमत अशी की या घाईत मधला फरक सगळीकडे टिकला नाही. मध्य मेक्सिकोत आजही नुसतं 'तोमाते' मागितलं तर दुकानदार कागदी सालीतलं हिरवं फळ देतो. लाल हवा असेल तर 'हितोमाते' म्हणावं लागतं, म्हणजे जुना 'शितोमात्ल'. जगभर गेलेलं नाव खुद्द मायघरी वेगळ्याच फळाचं आहे.

त्या काळच्या मेक्सिकोतल्या बाजाराचं एक वर्णन उपलब्ध आहे, आणि ते मला मंडईत उभं राहिल्यावर हमखास आठवतं. बेर्नार्दिनो दे साहागुन नावाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकानं सोळाव्या शतकात नाहुआत्ल बोलणाऱ्या माणसांकडून तिथल्या जगण्याची सगळी माहिती लिहून घेतली. त्यात टोमॅटो विकणाऱ्याचं वर्णन आहे. तो काय काय विकतो : मोठे, बारके, हिरवे, गोड, पिवळे, खूप पिवळे, लाल, खूप लाल. आणि वाईट विक्रेता कसा ओळखावा, तेही सांगितलंय. तो दबलेले, नासलेले, पोट बिघडवणारे टोमॅटो गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो. पाचशे वर्षांपूर्वीची ती माणसं टोपलीवर वाकून, फळ अंगठ्यानं दाबून बघत असणार, अगदी आपल्यासारखी.

आता इंग्रजीकडे या, कारण सगळा गोंधळ तिथं आहे. इंग्रजीत हा शब्द १६०४ मध्ये पहिल्यांदा एका स्पॅनिश पुस्तकाच्या अनुवादात आला, आणि तो आला 'तोमाते' असाच. शेवटचा 'ओ' त्यात नव्हताच. तो पुढं चिकटला, आणि तो 'पोटॅटो'मुळे चिकटला असावा, असं भाषेचे अभ्यासक मानतात. दोन्ही अमेरिकेतून आलेल्या भाज्या, दोन्ही एकाच स्वयंपाकघरात. एकीचं शेपूट दुसरीला लागलं.

हे वाचलं तेव्हा मला एकदम आपलं मराठी दिसलं. मावशींचा 'टमाटा' बघा. एक टमाटा, दोन टमाटे, टमाट्याची चटणी. एक बटाटा, दोन बटाटे, बटाट्याची भाजी. तोच साचा. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांच्या 'बटाटा'वरून आला, म्हणजे ज्या शब्दाचं इंग्रजीत पोटॅटो झालं, त्याचंच हे भावंड. इंग्रजीत पोटॅटोनं टोमॅटोला आपलं शेपूट दिलं, आणि मराठीत बटाट्यानं टमाट्याला आपली चाल शिकवली. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, तेच करून बसल्या. मराठीपुरतं हे माझं मत आहे, पण दोन्ही शब्द एकाशेजारी एक मोठ्यानं म्हणून बघा.

चाल म्हणजे काय, ते थोडं उलगडून सांगते, कारण मला यातच सगळं महत्त्वाचं वाटतं. मराठीत शब्दाला विभक्ती लागली की तो आतून बदलतो. कांदा, कांद्याचा. मुळा, मुळ्याचा. आंबा, आंब्याचा. फोटो, रेडिओ, टोमॅटो हे शब्द मात्र बदलत नाहीत. फोटोचा, रेडिओवर, टोमॅटोचं. बाहेरून आलेला पाहुणा जसा ओसरीवर चपला घालूनच बसतो, तसे ते. 'टमाट्याचं सार' म्हटलं की तो शब्द चपला काढून चुलीपाशी आला. कांदा, मुळा, बटाटा यांच्या पंगतीत मांडी घालून बसला. म्हणजे मराठी व्याकरणाच्या दृष्टीनं टमाटा हाच जास्त मराठी शब्द आहे.

उच्चाराचंही तसंच. ब्रिटिश माणूस म्हणतो 'टमाटो', पहिला स्वर अगदी पुसट. अमेरिकन म्हणतो 'टमेटो'. 'मॅ' यांपैकी कुणीच म्हणत नाही. तो आपण कुठून आणला? मला वाटतं, स्पेलिंगमधलं अक्षर बघून, बॅट आणि कॅट वाचतो तसं वाचून. 'मॅ'वरच्या त्या अर्धचंद्राला तर आपल्या वर्णमालेत रीतसर जागाही अलीकडची. शासनानं २००९ मध्ये वर्णमाला प्रमाणित केली, तेव्हा ॲ आणि ऑ हे स्वर त्यात घेतले. म्हणून लेकीला म्हटलं, तोमात्ल, तोमाते, टमाटो, टमाटे अशी ओळ लाव. प्रत्येकात 'मा' आहे. मग टोमॅटो लाव. ओळीतून बाहेर कोण पडतंय, तूच सांग.

पुस्तकात टोमॅटो लिहावं, त्याला माझी हरकत नाही. सगळ्यांनी एकच लिहिलं तर वाचायला सोपं पडतं. पण टमाटे म्हणणारी बाई अडाणी, असं कुणी म्हणू नये.

माझ्या आजीच्या तोंडी आणखी एक रूप होतं, 'तंबाटं'. लहानपणी मला वाटायचं, तांबडं असतं म्हणून तंबाटं. तसा काही संबंध नाही, पण कान असा ओळखीचा आधार शोधतोच. 'टम्म फुगलेलं' आणि टमाटं यांचंही तेच. टम्म हा आपला शब्द, तोमात्ल मेक्सिकोचा, आणि दोघांचा अर्थ मात्र एकमेकांच्या इतका जवळ की नातं जोडावंसं वाटतं. जोडू नये. नुसत्या आवाजावरून शब्दाची वंशावळ काढायला गेलं की हमखास फसायला होतं. विदर्भात गेलात तर तोमात्लशी काहीही देणंघेणं नसलेला तिसराच शब्द भेटतो, 'भेदरं'. छत्तीसगडमध्ये 'पताल'.

हे सगळे तोमात्लच्या घराण्यातले किंवा गावोगावचे आपापले शब्द झाले. पण जगात कितीतरी लोकांनी ते नाव घेतलंच नाही. त्यांनी फळाकडे बघितलं, आणि ओळखीच्या कुणाची तरी आठवण काढली. ती आठवण कुणाची, यात मला फार रस आहे.

बंगालीत टोमॅटोचं जुनं नाव 'बिलिती बेगुन', ओडियात 'बिलाती बाइगण'. दोन्हींचा अर्थ विलायती वांगं. काश्मिरीत वांग्याला म्हणतात 'वांगुन' आणि टोमॅटोला 'रुवांगुन'. चिनी भाषेतलं एक नाव 'फान-छिए', म्हणजे परक्या मुलखातलं वांगं. व्हिएतनामीत 'का चुआ', आंबट वांगं. इटलीतला वैद्य मात्तिओली १५४४ मध्ये या फळाबद्दल लिहितो, तेव्हा तोही त्याला वांग्याच्याच जातीत बसवतो.

वांगंच का? हे समजायला मी लेकीला ओट्यापाशी बोलावलं. विळीवर एक काटेरी वांगं आणि एक टमाटा शेजारी ठेवला. दोन्हींच्या डोक्यावर हिरवी टोपी, तिला टोकदार पाकळ्या. वांग्याची जाड आणि काटेरी, टमाट्याची नाजूक आणि लवदार, पण ठेवण तीच. आडवं कापलं तर दोन्हींत चपट्या, गोल, पिवळसर बिया. झाड पाहिलं असेल तर फुलंही आठवून बघा. वांग्याचं जांभळं, टमाट्याचं पिवळं, पण दोन्हींना पाच टोकं आणि मधे पुंकेसरांची पिवळी चोच. ज्या माणसांनी कधी वनस्पतिशास्त्र वाचलं नव्हतं, त्यांनी ही जात बरोबर ओळखली. आज शास्त्रही तेच सांगतं, दोघं एकाच 'सोलॅनम' प्रजातीतले. बटाटाही त्यातलाच. मिरची आणि धोतरा त्याच कुळातले थोडे लांबचे.

टोमॅटो इकडे येत होता, त्याच्या कितीतरी शतकं आधी वांगं उलट्या दिशेनं निघालं होतं. संस्कृतात वांग्याला 'वातिंगण' असा शब्द आहे. आपलं वांगं, हिंदीतलं बैंगन त्याच गोतातले. तो शब्द इराणात 'बादिंगान' झाला, अरबीत 'बादिंजान'. अरबांबरोबर स्पेन-पोर्तुगालला पोचला, पोर्तुगीजात 'बेरिंजेला' झाला. मग पोर्तुगीज जहाजांत बसून तोच शब्द हिंदुस्थानात परत आला आणि इथल्या इंग्रजीत झाला ब्रिंजल. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना आपण वांगं म्हणजे ब्रिंजल शिकवतो. जगाला फेरी मारून माहेरी आलेलं वांगंच आहे ते.

'विलायती' हा जोडशब्दही नीट बघायला हवा. आपल्याकडे विलायती चिंच आहे. ती खरी चिंच नव्हे, मूळ मेक्सिकोच्या बाजूचं, फक्त शेंगा चिंचेच्या वळणाच्या. तेलुगूत तिलाच 'सीम चिंत' म्हणतात, परदेशी चिंच. इराणी लोक टोमॅटोला 'गोजे फरंगी' म्हणतात. गोजे म्हणजे आलुबुखाऱ्यासारखं आंबट फळ, आणि फरंगी म्हणजे आपला फिरंगी. असा शिक्का नावावर बसला की तो स्वयंपाकातही उतरतो. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात आजही टोमॅटो आणि बटाटा चालत नाही. आमच्याकडेही आजी श्राद्धाच्या स्वयंपाकात टमाटा घालू द्यायची नाही. आमटीला आंबटपणा चिंचेचा.

नव्या वस्तूला नाव द्यायची आणखी एक तऱ्हा आपल्या मिरचीत दिसते. मिरचीही अमेरिकेचीच, पण आपण तिचं तिकडचं नाव घेतलं नाही. तिखट लागली, म्हणून मिऱ्याच्या नावावरून ती मिरची. आणि यातून एक छान कोडं उभं राहतं. आपल्या जिल्ह्यातल्या अरणचे संत सावता माळी तेराव्या शतकातले. त्यांच्या सगळ्यांना पाठ असलेल्या अभंगात कांदा, मुळा, लसूण, मिरची, कोथिंबीर आहे. पण मिरची भारतात आली ती पोर्तुगीजांनंतर, म्हणजे १४९८ नंतर. एकतर मूळ शब्द मिऱ्यांबद्दल असणार, किंवा तोंडोतोंडी गाताना पुढच्या पिढ्यांनी आपल्या मळ्यातली मिरची त्यात लावली असणार. मला दुसरं जास्त आवडतं. टमाटा मात्र त्या मळ्यात शिरू शकला नाही.

युरोपात या फळाला फार सुंदर नावं मिळाली, ती भराभर सांगते. इटलीत 'पोमोदोरो', सोन्याचं फळ. सुरुवातीला तिथं पिवळे वाण पोचले असावेत. हेच नाव पुढं पोलंड, रशियात 'पोमिदोर' झालं आणि सीरिया, लेबनॉनच्या अरबीत 'बनादोरा'. फ्रेंचांनी त्याला प्रेमाचं फळ म्हटलं. ऑस्ट्रियात 'पाराडायझर', सर्बियात 'पाराडाइझ', आणि हंगेरियन भाषेत तर टोमॅटो आणि स्वर्ग या दोन्हींना एकच शब्द. एवढी गोड नावं देऊनही युरोपातल्या बऱ्याच लोकांनी ते कितीतरी काळ खाल्लं नाही, नुसतं बागेत लावलं. विषारी झाडांच्या कुळातलं, म्हणून भीती. शास्त्रीय नावातही ती भीती आहे. 'लायकोपर्सिकम' म्हणजे लांडग्याचं पीच. टोमॅटोला लाल करणाऱ्या 'लायकोपीन'चं नाव त्यावरूनच पडलंय. सॉसच्या जाहिरातीत लायकोपीन ऐकलं की त्यात लांडगा लपलाय हे लक्षात ठेवा, असं मी लेकीला सांगितलं, आणि तिला सगळ्यात जास्त तेच आवडलं.

तमिळ माणसांनी आणखी वेगळं केलं. त्यांच्याकडे 'तक्काळि' हा शब्द आधीपासून होता, रानात उगवणाऱ्या बारक्या, रसाळ फळांसाठी. आजही काळ्या बारक्या फळांची एक औषधी भाजी तिथं 'मणत्तक्काळि' म्हणून शिजवतात. टोमॅटो आला तेव्हा त्यांनी घरातलंच नाव त्याला दिलं. तोमात्लचा जो मूळ अर्थ होता, जवळजवळ तोच या शब्दाचा.

आणि आपलं सोलापूर? इथं एका गल्लीत चार भाषा असतात. अक्कलकोटकडून येणारा शेतकरी कानडीत 'टमाटी' म्हणतो. पूर्व भागात विणकरांच्या घरात तेलुगू, तिथं 'टमाटा'. दखनी बोलणाऱ्या शेजारणीकडे 'टमाटे की चटनी', एक असला तरी टमाटेच. आणि मराठीत टमाटा, टमाटे. कुणी कुणाकडून उचललं हे आता वेगळं काढता येणार नाही. पण चौघं मंडईत समोरासमोर आले तर कुणालाच दुभाषा लागत नाही. वांग्याच्या बाबतीत तसं नाही. तेलुगूत वंकाय, त्यातलं 'वंग' आपल्या वांग्याच्या जवळचं. पण कानडीत बदनेकाय. जुनी भाजी चौघांच्या घरी वेगवेगळ्या नावानं आधीपासून राहत होती. उशिरा आलेल्या टमाट्यानं चौघांना एकच शब्द दिला.

शेजारच्या तेलुगू आजी टमाट्याची 'पच्चडी' करतात. त्यांच्याकडे पच्चडी म्हणजे फोडणीची, वाटलेली चटणी. आमच्याकडे पचडी म्हणजे कच्च्या कोबी-मुळ्याची कोशिंबीर. लहानपणी त्यांनी "पच्चडी देते" म्हटल्यावर मी मोठी वाटी घेऊन गेले होते आणि त्यांनी कडेला चमचाभर वाढली. तिखटानं कान गरम झाले. भाकरीबरोबर तिच्यासारखं दुसरं काही नाही.

लेकीचा शेवटचा प्रश्न होता : टोमॅटो फळ की भाजी? यावर अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेलाय. तिथं आयात भाज्यांवर जकात होती, फळांवर नव्हती. न्यूयॉर्कच्या नीक्स नावाच्या व्यापाऱ्यांचं म्हणणं, टोमॅटो हे शास्त्रानं फळ, मग जकात कसली? १८९३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की वनस्पतिशास्त्रात ते फळ असेल, पण लोक ते जेवणात भाजी म्हणून खातात, म्हणून कायद्यानं भाजी. व्यापारी हरले. मराठीत हा खटला उभाच राहिला नसता. आपल्याकडे पालेभाजी आणि फळभाजी असे शब्द आधीपासून आहेत. झाडाचं फळ, ताटातली भाजी, दोन्ही गोष्टी एकाच शब्दात.

या रविवारी आम्ही पुन्हा त्याच मावशींकडे गेलो. मागं निळ्या प्लॅस्टिकचे कॅरेट रचलेले. इंग्रजीतला क्रेट आपल्या शेतकऱ्यांनी कधीचाच कॅरेट करून घेतलाय. पुठ्ठा या वेळी टोपलीत नव्हता, कॅरेटच्या मागं खोचलेला, अर्धा दिसत होता. लेक पुढं झाली आणि तिनं विचारलं, "मावशी, तुमची आई याला काय म्हणायची ओ?"

त्या जरा थबकल्या. मग हसल्या. "तंबाटीच म्हणायची की. 'तंबाटी आली का गं परड्यात', असं." आणि तराजू पुढं ओढत म्हणाल्या, "किती देऊ, अर्धा किलो?"

"एक किलो," लेक म्हणाली, आणि तिनं पिशवी उघडून धरली.